चुली विझवायचा दिवस

दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या चुली विझवणार आहेत हे देमाओला कळलं, तेव्हा शेवटची गाडी डोंगराच्या वळणाआड गेलेली होती.

"आत्ता सांगताय होय?" तो घरमालकिणीला म्हणाला. "दुपारी बोलला असतात तर आम्ही निघालो नसतो का?"

"दुपारी तुम्ही होतात कुठे, दादा? पुलावर फोटो काढत बसला होतात," शी ताई म्हणाली. चुलीपाशी बसून ती चहात तांदळाच्या लाह्या टाकत होती. "आणि भगतानं दिवसच आज काढला. आगीची पीडा गावाबाहेर घालवायची असते. उद्या उजाडताना गावच्या सगळ्या वाटांवर गवताच्या गाठी बांधतील. मग ना कुणी आत, ना कुणी बाहेर. चूल नाही, दिवा नाही, विडीसुद्धा नाही. संध्याकाळी नदीपलीकडून नवा विस्तव येईल, तोवर थंड भात खायचा. एक दिवस तर आहे!"

"आणि कुणी चुकून पेटवलं तर?"

शी ताईचा हात थांबला. "असलं बोलू नये," ती म्हणाली आणि खिडकीतून वरच्या आळीकडे बघितलं. गावातली जुनी घरं धुरानं काळी पडलेली होती. वरची आळी मात्र अजून पिवळी, नव्या लाकडाची होती. ती का, हे गावात कुणी कुणाला सांगत नसे. सगळीच घरं देवदारी फळ्यांची, एकमेकांना चिकटून उभी. एका चुलीतली ठिणगी उडाली की शेजाऱ्याचं छप्पर हाताच्या अंतरावर.

देमाओ धास्तावला. भीती स्वतःची नव्हती. त्यानं हळूच बायकोकडे पाहिलं. सूछिन चुलीपलीकडे वाटी दोन्ही हातांत धरून बसली होती आणि माहेरचं माणूस भेटावं तशी जाळाकडे बघत होती.

देमाओ हान म्हणजे बाओडिंग शहरातला निवृत्त बसचालक. सूछिननं त्याच शहरातल्या एका शाळेच्या भटारखान्यात उभं आयुष्य काढलं होतं. पहाटे भट्टी पेटवायची, मधल्या सुट्टीआधी मोठाली पातेली उकळायला लावायची, आणि पोरं रांगेत धक्काबुक्की करायला लागली की पळी आपटून त्यांना दम द्यायचा. मुलगी शुआंग दूर शेनझेनला नोकरीला. निवृत्त झाल्यावर सूछिन म्हणाली होती, "आता दुसऱ्यानं शिजवलेलं खायचं आणि देश बघायचा." त्याप्रमाणे दोघं हिंडलीही. मग गेल्या उन्हाळ्यात तिच्या हातून भाजीत दोनदा मीठ पडलं तेव्हा दोघं हसली. पुढं एकदा ती बाजारातून घरी यायची वाट विसरली. तेव्हा कुणी हसलं नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरनं देमाओला दारापाशी घेऊन सांगितलं की हे आता वाढत जाणार. देमाओनं ते कुणालाच सांगितलं नाही. मुलीला नाही, शेजाऱ्यांना नाही, सूछिनलाही नाही. तिला तो एवढंच म्हणाला, "हवापालट करा म्हणतायत." आणि तिला घेऊन तो ग्वेइचोउच्या डोंगरात, या डोंग लोकांच्या गावात आला.

हवापालटानं गुण आल्यासारखा वाटतही होता. पाणी भरून ठेवलेल्या खाचरांत आभाळ उतरलेलं बघून सूछिन खुलायची. ओट्यावर बायका निळीत बुडवलेलं कापड लाकडी मोगरीनं बडवत बसायच्या. ते बडवून बडवून चकाकायला लागलं की ती म्हणायची, "बघ म्हातारबा, अगदी वांग्याच्या सालासारखं!" आंबवलेला मासा खाताना देमाओचं तोंड वाकडं व्हायचं, आणि ही मात्र बोटं चाटून शी ताईला विचारायची की मडक्याचं तोंड कशानं बांधता. मग रात्री खोलीत आल्यावर तीच विचारायची, "हे कुणाचं घर आहे रे?"

सकाळी सगळा गाव धुक्यात बुडालेला होता. गल्लीतून काशाचा थाळा बडवत एक माणूस ओरडत गेला आणि घराघरांतून चुलींवर पाणी पडल्याचा चर्र आवाज येऊ लागला. ओल्या राखेचा वास सगळीकडे भरला. विजेचं मुख्य बटणही पाडलं. शी ताईनं घरातल्या काड्यापेट्या आणि लायटर एका टोपलीत गोळा केले आणि ती देमाओपुढे धरली.

"टाका, दादा."

देमाओनं खिशातला लाल लायटर टाकला. दुसरा एक त्याच्या जाडजूड कोटाच्या आतल्या खिशात होता. तो त्यानं ठेवून घेतला. सिगारेट ही आयुष्यभर गाडी चालवताना लागलेली सवय. दुपारी सगळे नदीपलीकडे जेवायला जातील तेव्हा हद्दीबाहेर एक झुरका मारू, असं त्यानं मनाशी ठरवलं. यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

"आज काय आहे?" सूछिननं विचारलं.

"आज विस्तव पेटवायचा नाही. काही झालं तरी नाही. सांग बघू, काय करायचं नाही?"

"विस्तव पेटवायचा नाही. मी काय बालवाडीत आहे?" ती फणकारली.

त्यानं सकाळपासून तिचा हात सोडला नाही. भगत दारोदार फिरत होता. एका हातात कोंबडा, मागं दोन माणसं, त्यांच्या खांद्यावर गवताची विणलेली नाव. प्रत्येक घरात शिरून तो विझल्या चुलीतला एक कोळसा उचलायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि कोळसा नावेत टाकायचा. शी ताईच्या चुलीतलाही कोळसा गेला. घरंदारं अशी गारठलेली देमाओनं कधी पाहिली नव्हती. म्हातारे गोधड्या गुंडाळून ओट्यांवर बसलेले, तान्ही पोरं आयांच्या पाठीवर भरजरी झोळ्यांत, आणि कुणाच्याही छपरातून धुराची एक रेघ नाही.

"लोक असे थंडीत का बसलेत?" सूछिननं विचारलं. त्यानं सांगितलं. जरा वेळानं तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा शेजारच्या बाईनं मान वळवून पाहिलं, आणि देमाओ उगाचच मोठ्यानं हसून म्हणाला, "आमच्या बाईसाहेबांना थट्टा करायची फार सवय!"

दुपारी सगळा गाव छपराच्या पुलावर आणि नदीकाठी जमला. पुलावरून वारा असा घुसत होता की सूछिनचे दात वाजायला लागले. देमाओनं स्वतःचा कोट काढून तिच्या अंगावर घातला, बटणं लावली आणि तिचा हात पुन्हा हातात घेतला. खाली पाण्यात भगतानं नाव सोडली. थाळे वाजू लागले, माणसं एका सुरात ओरडली, आणि ती काळ्या कोळशांनी भरलेली नाव गिरक्या घेत प्रवाहाला लागली. असं दृश्य पुन्हा कधी बघायला मिळणार? शुआंगला पाठवावं म्हणून देमाओनं फोन काढला. फोन धरायला दोन हात लागले.

नाव वळणाआड गेली. त्यानं फोन खाली घेतला आणि बाजूला पाहिलं. सूछिन नव्हती.

आधी वाटलं, गर्दीत पुढं सरकली असेल. तो माणसं सारत कठड्यापर्यंत गेला. मग पुलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत. "माझी बायको पाहिलीत? माझा कोट घातलाय, तपकिरी." एका म्हातारीला त्याची भाषा कळत नव्हती. ती त्याच्या हातावर थोपटून डोंग भाषेत काहीतरी बोलत राहिली. तिला झिडकारून तो धावत सुटला. गल्ल्या रिकाम्या. फळ्यांच्या भिंती, बंद दारं, कोठारांखालची माशांची तळी. प्रत्येक तळ्यात तो वाकून बघत होता. त्यानं हाक मारली, "सूछिन! सूछिन!" आणि आपलाच आवाज त्याला ओळखू येईना. मग त्याला नदी आठवली. पुलाखालच्या घसरड्या पायऱ्या आठवल्या, त्या कोटाचं वजन आठवलं. भिजल्यावर तो किती जड होतो तेही. एका ओट्याला धरून तो तसाच उभा राहिला. नदीकडे जायला हवं होतं आणि पाऊल उचलत नव्हतं.

तेवढ्यात थाळा वाजला. मघासारखा नव्हे. घाईनं, एकसारखं, वेड्यासारखं. त्यानं वर पाहिलं. काळ्या छपरांच्या मधून निळसर धूर सरळ वर चढत होता.

पहिल्यांदा त्याला हायसं वाटलं. ती नदीत नाही. जिवंत आहे. मग छपरावरचा धूर बघून आपल्याला हायसं वाटलं, याचीच त्याला भीती वाटली आणि तो लोकांच्या लोंढ्याबरोबर धावू लागला. बादल्या घेऊन माणसं धावत होती, बायका पोरांना छातीशी धरून किंचाळत होत्या. "कुणाचं घर? कुणाचं?" एकच गलका. धूर शी ताईच्या घरातून येत होता.

आत सूछिन चुलीसमोर उकिडवी बसली होती. बाह्या वर सारलेल्या. लाकडाच्या ढलप्या तिनं नीट, एकावर एक आडव्या रचल्या होत्या. मक्याची वाळकी सालं खाली घातली होती. जाळ छान धरला होता आणि तिवईवर पाण्याचं पातेलं चढलं होतं. देमाओचा लायटर बाजूला पडला होता.

"आलास? बरं झालं," ती म्हणाली. "ते मोठं पातेलं उतरवायला हात दे. सुट्टीची घंटा होईल आता, अजून पाणीसुद्धा उकळलं नाही."

त्याला बोलायला वेळच मिळाला नाही. मागून आलेल्या माणसांनी तिच्यासमोरच चुलीवर पाणी ओतलं. वाफेचा लोट उठला, पातेलं कलंडलं, राख तिच्या तोंडावर उडाली. ती किंचाळली आणि देमाओच्या बाहीला दोन्ही हातांनी लटकली. "मी काय केलं? काय केलं मी?"

"काय केलं?" फूशेंग नावाचा एक धिप्पाड माणूस ओरडला. वरच्या आळीतला होता तो. "गाव जाळायला निघाली होती ही बाई! मी म्हणत होतो, परक्यांना ठेवू नका. शी ताई, तुला चार पाहुणे मिळाले की आमच्या डोक्यावरचं छप्पर गेलं तरी चालेल!"

"तोंड सांभाळ, फूशेंग," शी ताई म्हणाली. पण तिचाही चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती सूछिनकडे बघत नव्हती.

दोघांना गावाची पंचायत बसते त्या ढोलाच्या लाकडी मनोऱ्याखाली नेलं. मधल्या अग्निकुंडात ओली राख होती. भोवतीच्या जाड लाकडी बाकांवर म्हातारी माणसं बसली आणि त्यांच्यामागं सगळा गाव उभा राहिला. देमाओनं आयुष्यात अपघात पाहिले होते, पोलीस पाहिले होते, पण इतकी माणसं इतकी गप्प बसलेली पाहिली नव्हती. आपल्याला मारतील का, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला. त्यानं सूछिनचा हात घट्ट धरला.

गावचे थोरले वू काका. दात नसलेले, डोक्याला काळं मुंडासं. ते शी ताईमार्फत बोलले. "विस्तव कुणी केला?"

"तिनं केला," फूशेंग म्हणाला. "सगळ्यांनी पाहिलंय."

"मी यांना विचारतोय."

सांगता आलं असतं, की तिला थंडी वाजत होती, तिला भाषा कळली नाही, शहरी माणसं आम्ही. त्यानं सूछिनकडे पाहिलं. तिच्या कपाळावर राखेचा ओरखडा होता.

"लायटर माझा होता," तो म्हणाला. "टोपलीत टाकला नाही. लपवून ठेवला. कोट तिच्या अंगावर मीच घातला. आणि ती..." शी ताईनं तेवढ्याचं भाषांतर केल्यावर तो पुढं म्हणाला, "ती विसरते. डोक्याचा आजार आहे. आज सकाळी मी तिला बजावलं होतं, पण तिच्याजवळ ते टिकत नाही. तिला वाटलं ती शाळेत आहे, पोरांसाठी पाणी तापवतेय. दोष तिचा नाही."

गर्दीत कुजबुज झाली. वू काका पुढं वाकले. मग विचारलं, "घरी कुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही."

"लेकीला?"

"नाही."

"हिला तरी?"

देमाओनं मान खाली घातली.

"मला ठाऊक आहे," सूछिन म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिचा आवाज बारीक होता, पण नेहमीचा होता. "डॉक्टर दारात तुझ्याशी बोलत होता तेव्हा मी आत बसले होते, म्हातारबा. बहिरी नव्हते मी. तू म्हणालास हवापालट, तर म्हटलं हवापालट. तू एवढा घाबरला होतास, तुला आणखी कशाला सांगायचं की मीही घाबरलेय?"

देमाओला रडू आलं. परक्या गावात, परक्या माणसांसमोर, इतक्या वयाचा माणूस तोंड झाकून रडला. शी ताईनं या वाक्यांचं भाषांतर केलं की नाही, हे त्याला कळलं नाही.

थोरल्यांचं आपसात बरंच बोलणं झालं. शेवटी वू काका म्हणाले, "आजचं सगळं फुकट गेलं. उद्या पुन्हा करावं लागेल. डुक्कर तुम्ही द्यायचं. तुमच्या हातानं पेटलेल्या चुलीची राख तुमच्याच हातानं नदीपार न्यायची. तोवर गावात चूल पेटणार नाही."

म्हणजे आणखी एक रात्र सगळा गाव गारठणार होता. ती पाठीवरची तान्ही पोरं, ते ओट्यावरचे म्हातारे. देमाओला वाटलं, यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. जाताना फूशेंग त्यांच्या अगदी जवळून गेला. बोलला नाही. डोळे लाल होते त्याचे, आणि देमाओच्या लक्षात आलं की हा माणूसही रागावलेला कमी आणि भ्यालेला जास्त आहे.

शी ताईनं थंड भाताचे दोन गोळे आणि सुका मासा आणून समोर आदळला. "रागावलेय मी," ती म्हणाली. "दोन-चार दिवस तरी राहील राग. पण उपाशी ठेवणार नाही. खा, वहिनी."

अंधार पडायच्या आत सूछिननं स्वतःच शी ताईकडून पोरं पाठीशी बांधायचा पट्टा मागून घेतला आणि देमाओपुढे मनगट धरलं.

"बांध."

"काय वेडेपणा हा?"

"रात्री मी पुन्हा उठले तर? आत्ता मला कळतंय, म्हातारबा. मग कळणार नाही. बांध म्हणते ना!"

त्यानं तिचं मनगट आपल्या मनगटाला बांधलं. तिला झोप लागली. तो मात्र पडल्या पडल्या पट्टा कुठं ताणला जातोय का, ते बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा झालं. काशाचा थाळा, कोंबडा, गवताची नवी नाव. सूछिन राखेची बादली घेऊन पुलावरून चालली, देमाओनं दुसऱ्या बाजूनं कडी धरली होती. दोन्ही कठड्यांशी माणसं उभी होती. बहुतेकांनी नजर दुसरीकडे वळवली. पुलाच्या मधोमध सूछिन थबकली. "हे काय नेतोय आपण?"

इथंच तिनं बादली खाली ठेवली तर? "राख," तो हळूच म्हणाला. "पलीकडे टाकायची आणि परत यायचं. माझ्याबरोबर चल."

"मग चल की. उभा काय राहिलास?" ती म्हणाली.

राख पाण्यात गेली. पलीकडच्या काठावर डुक्कर कापलं, भगतानं लाकडावर लाकूड घासून नवा विस्तव पाडला आणि मोठ्या कढईखाली लावला. जाळ दिसताच देमाओनं सूछिनचा दंड घट्ट पकडला. ती जाळाकडे गेली नाही. मांस कापणाऱ्या बायकांकडे गेली, एकीच्या हातातला सुरा घेतला आणि इतक्या सफाईनं, इतके सारखे तुकडे पाडू लागली की त्या बायका आपसात बघून हसल्या. एकीनं तिच्यासाठी बसायला ओंडका सरकवला. फूशेंग दूर पाठमोरा बसून जेवला. तो शेवटपर्यंत वळला नाही.

संध्याकाळी पेटती लाकडं घेऊन माणसं पुलावरून घराघरांकडे निघाली. गवताच्या गाठी सोडल्या. देमाओ पुलाच्या टोकाशी उभा राहून शुआंगला फोन लावत होता. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

"बाबा? व्हिडिओ पाहिला मी, छानच आहे! आई कशी आहे?"

त्यानं सांगितलं. दवाखान्यापासून चुलीपर्यंत, सगळं. फोन बंद पडला की काय म्हणून त्यानं हाक मारली.

"शुआंग?"

"इतके दिवस, बाबा?" तिचा आवाज फुटला. "इतके दिवस एकटेच?" मग नाक पुसल्याचा आवाज आला. "उद्या कुठल्या गाडीनं निघताय? मी बाओडिंगला येते. आईला द्या फोन."

सूछिननं फोन कानाला लावला. "हो गं. हो, जेवले. अगं, इथं कापड असं बडवतात, अगदी वांग्यासारखं होतं... तुझ्यासाठी घेऊ का? निळं की काळं?" ती मुलीशी बराच वेळ बोलली. देमाओ तिच्या तोंडाकडे बघत होता. कुठलं वाक्य अडखळतं, कुठलं नाव निसटतं, हे टिपायची सवय त्याला लागलेली होती आणि ती आता सुटणार नव्हती.

सकाळची गाडी आली तेव्हा शी ताई चौकापर्यंत आली होती. तिनं तो पट्टा सूछिनच्या पिशवीत कोंबला. "राहू द्या," ती म्हणाली. "रस्ता लांबचा आहे."

देमाओनं सूछिनला खिडकीकडे बसवलं आणि स्वतः वाटेकडे बसला. घाटातल्या वळणावळणांवर खाली खाचरं दिसत होती. गावातल्या सगळ्या छपरांतून धूर निघत होता.

"किती सुंदर गाव आहे," सूछिन काचेला कपाळ टेकवून म्हणाली. "आपण इथं उतरायचं का?"

"पुढच्या वेळी," देमाओ म्हणाला आणि तिचा हात धरला.